कोरा अंगठा

भट्टीवर त्याला सगळे तपासनीस म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते अंगाला असं चिकटलं होतं की बायकोसुद्धा रागावली की त्याच नावानं हाक मारायची. पाण्याचा टँकर आला की हा आधी वाकून त्याच्या बुडाशी बघणार, वाटेत गळला तर नाही ना. मुकादम सकाळी हसून बोलला तर का हसला, याचा विचार दुपारपर्यंत. गाढवानं कान हलवले तरी याला त्यात काहीतरी पाणी मुरताना दिसायचं.

विटा थापण्यात मात्र त्याचा हात धरणारा भट्टीवर कुणी नव्हता. चिखलाचा गोळा उचलायचा, राखेत लोळवायचा, साच्यात आपटायचा, दोन्ही अंगठ्यांनी चारी कोपरे दाबायचे, वर उरलेला चिखल तळव्यानं निपटून काढायचा आणि साचा उलटा करून अलगद उचलायचा. बाकीचे लोक कोपरे मुठीनं दाबत. त्याला ते पटत नसे. अंगठा घातल्याशिवाय कोपरा भरत नाही आणि कोपरा भरला नाही की वीट भट्टीत मरते, असं तो म्हणे. लेकीला त्यानंच शिकवलं होतं. शाळा सुटली की ती आईबापाच्या मधे उकिडवी बसायची आणि बापासारखेच अंगठे रोवायची. तिच्या विटा ओळखू यायच्या, इतके त्यांचे कोपरे धारदार.

या माणसाचा एक नेम होता. कागदावर अंगठा द्यायचा नाही. ऐन तारुण्यात एका भट्टीवर कारकुनानं हजेरीचा कागद म्हणून त्याचा अंगठा घेतला होता. हंगाम संपला, भाऊ गावी निघाले, तेव्हा कळलं की यानं पुढचा हंगामही तिथेच राहायचं कबूल केलंय. तिकडे आई आजारी पडली आणि गेली, आणि हा इकडे चिखल तुडवत राहिला. लेक तिसरीत गेली तेव्हा तिनं त्याला सही शिकवली. तेव्हापासून तो सही करायचा, पण कागद लेकीनं दोनदा वाचून दाखवल्यावरच. दुसऱ्यांदा वाचताना तो कागदाकडे बघत नसे, तिच्या तोंडाकडे बघे.

त्या वर्षी लेक बारावी झाली, आणि शाळेतल्या बाईंनी तिला कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसवायचं मनावर घेतलं. त्याच वर्षी आभाळानंही वेळेआधीच डोळे वटारले. कच्च्या विटा वाळायला ऊन हवं, आणि ऊन दुपारी निम्म्यातच पळून जायला लागलं. मुकादम सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागला होता.

अशात एका दुपारी बापलेक अर्ज भरायला संगणकाच्या दुकानात गेले.

"मुलीचं नाव?" दुकानदारानं विचारलं.

"कशाला?"

"अर्ज भरायचाय ना?"

लेकीनंच नाव सांगितलं.

"आईचं नाव?"

"आई परीक्षेला बसणार नाहीये," तपासनीस म्हणाला.

"बाबा," लेक हळूच म्हणाली.

"मोबाइल नंबर?"

"तो कुणाकुणाला दिसणार?"

दुकानदारानं कपाळावर हात मारून घेतला. मागे रांग लागली होती. फोटो झाला, सही झाली, मग त्यानं टेबलावरची एक लहानशी डबी पुढे सरकवली. डबीला काच होती आणि काचेखाली लाल उजेड.

"उजवा अंगठा ठेव."

लेकीनं ठेवला. डबी नुसतीच कुरकुरली. पुसून ठेव म्हणाला, तिनं ओढणीला पुसून ठेवला. दाबून ठेव म्हणाला, तिनं नख पांढरं होईपर्यंत दाबला. डबी काही बोलेना. दुकानदारानं तिचा हात धरून उजेडात उलटा केला आणि डोळे बारीक केले.

"हिच्या अंगठ्याला रेषाच नाहीत."

"रेषा नाहीत म्हणजे?"

"म्हणजे नाहीत. पुसल्यात." तो खुर्चीत मागे टेकला. "कुणा दुसऱ्याच्या नावावर नाही ना बसवताय? खरं सांगा. मागे एकजण बोटांना डिंक फासून आला होता, त्याला दारातूनच धरून नेला."

"डिंक?" तपासनिसाचा आवाज चढला. "चिखल आहे तो! भट्टीवरचा! तुझं यंत्रच बिघडलंय."

दुकानदारानं स्वतःचा अंगठा काचेवर ठेवला. डबी टुणकन वाजली. "बिघडलंय? ठेवा, तुम्हीही ठेवून बघा."

तपासनिसानं दोन्ही हात पाठीमागे घेतले. रांगेतलं कुणीतरी खुसकन हसलं.

शेवटी डाव्या अंगठ्याची कड तिरपी ठेवल्यावर डबी कशीबशी वाजली. दुकानदार म्हणाला, "घेतला, पण पुसट आहे. परीक्षेच्या दारात हाच अंगठा पुन्हा मागतील. जुळला नाही तर बाहेर. मग माझ्या नावानं खडे फोडू नका." मग तपासनिसानं पडद्यावरचा अख्खा अर्ज लेकीकडून दोनदा वाचून घेतला, आणि रांग चुळबुळत उभी राहिली.

बाईंचं घर वाटेतच होतं. त्यांनी दारातच लेकीचा अंगठा हातात घेतला, त्यावरून स्वतःचं बोट फिरवलं.

"चिखलानं आणि राखेनं कातडी झिजलीय," त्या म्हणाल्या. "पण ती परत येते. हिला परीक्षेपर्यंत चिखलात हात घालू देऊ नका. भांडी नकोत, राख नको. हात नुसते राहू द्या. आणि तेवढ्यात अभ्यासही होईल."

"म्हणजे कामच नको?"

"हाताचं कोणतंही काम नको."

परतीच्या वाटेवर तपासनिसाच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. चार दिवसांपूर्वीच ही पोरगी म्हणत होती, बाबा, अभ्यासाला वेळ मिळत नाही. आणि आज यंत्रानंही तेच सांगावं, बाईंनीही तेच सांगावं? दुकानदार बाईंचा जुना विद्यार्थी, हे तो बोलता बोलता बोलून गेला होता. तिघांनी मिळून आपल्याला गुंडाळलं तर नाही ना?

"तू बाईंना आधी काही बोलली होतीस?" त्यानं विचारलं.

"काय बोलणार, बाबा?"

"ते मी कसं सांगू? तूच सांग."

लेकीनं तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तेही त्याला जरा जास्तच वेळेवर आल्यासारखं वाटलं.

तरीही दुसऱ्या दिवसापासून लेक घरात राहिली. घर म्हणजे भट्टीच्या कडेला कच्च्या विटांचीच एक खोली, वर पत्रा. तिच्या वाटणीचं काम आईवर पडलं. आई गोळे करायची, वाळलेल्या विटा उभ्या करायची, त्यांचे थर रचायची, आणि संध्याकाळी कंबर धरून बसायची. पण एका शब्दानं बोलली नाही. एकदाच नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सारखं घराकडे काय बघता? वीट वाकडी पडली बघा."

बघणार नाही तर काय करणार? कामावर पाण्याचा हंडा भरलेला असतानाही तो पाणी प्यायला घरी जायचा. जाताना पावलं न वाजवता जायचा. पहिल्यांदा गेला तेव्हा लेक भिंतीला टेकून बसली होती. पुस्तक मांडीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवलेले, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. पान उलटायची वेळ आली तेव्हा तिनं बोटाच्या पेरानं ते सरकवलं, टोकानं नाही. तो तसाच मागे फिरला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा मात्र पुस्तक तोंडावर घेऊन ती गाढ झोपलेली. सापडली, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

"उठ. काय वाचलंस ते सांग."

ती धडपडून उठली. डोळे चोळायला हात वर गेला आणि तिथेच थांबला. मनगटानं डोळे पुसून ती सांगायला लागली. फिरत्या चाकाचं काहीतरी होतं, चाकाची कड जोरात का फिरते आणि मधला भाग सावकाश का. त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण कागद वाचताना बघायचा तसा तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती कुठेही अडखळली नाही, कुठेही नजर चोरली नाही.

"बरं," तो म्हणाला आणि हंड्यातलं पाणी न पिताच परत गेला.

एवढ्यानं संशय गेला असं मात्र नव्हे. तो त्याचा जुना सोबती होता, एका दिवसात कुठे जाणार? फक्त आता तो लेकीवरून उठून परीक्षेवर जाऊन बसला. एवढे अंगठे गोळा करून ही माणसं करतात काय? हजारो पोरं एकच पेपर सोडवणार, मग तो कुणी आधी बघितला नसेल कशावरून? रोज जेवताना तो असा एकेक प्रश्न काढायचा, आणि लेक हसून म्हणायची, "बाबा, पेपर तपासायला तुम्हालाच बसवायला हवं."

मग एके दिवशी भर दुपारी थेंब पडायला लागले. सगळी भट्टी प्लास्टिकचे कागद घेऊन धावली. पसरलेल्या ओल्या विटांवर थेंबांच्या टोचा उमटत होत्या. वाऱ्यानं कागदाचं एक टोक सुटलं, तोच लेक घरातून पळत आली.

"हात लावू नकोस!" आई लांबून ओरडली.

पोरगी क्षणभर गोंधळली, मग चिखलात गुडघे टेकून बसली आणि दोन्ही कोपरांनी तिनं ते टोक दाबून धरलं. हात वर धरलेले. पाऊस सरेपर्यंत ती तशीच होती, केस गालांना चिकटलेले. पलीकडच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तपासनिसानं ते पाहिलं आणि त्याला कुणाला तरी चार शिव्या द्याव्याशा वाटल्या, पण कुणाला ते ठरेना.

मुकादमानंही तो प्रकार पाहिला होता. तो संध्याकाळी सरळ खोलीशी आला.

"लेक कामाला का येत नाही?"

"परीक्षा आहे तिची. हात जपायचेत. अंगठ्याच्या रेषा..."

"रेषा!" मुकादम म्हणाला. "अरे, मला काय दूधखुळा समजतोस? पलीकडच्या भट्टीवर पाठवतोस ना तिला? आणि इथे माझे थर अर्धवट पडलेत. हात दाखव गं."

लेकीनं बापाकडे पाहिलं. तिनं दोन्ही तळवे पुढे केले. मुकादमानं तिची बोटं चिमटीत धरून दाबली, ओला आहे का ते बघायला चिखल दाबतात तशी.

"लोणी झालंय नुसतं. राणीसाहेबांना बसून खायला घालतोयस वाटतं."

हेच शब्द तपासनिसाच्या स्वतःच्या मनात कित्येक वेळा येऊन गेले होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकले आणि ते त्याला झोंबले.

"हात बघून झाले ना?" तो म्हणाला. "मग सोडा ते. चला आता."

मुकादमाला असं बोलणारा माणूस भट्टीवर दुसरा नव्हता, आणि हाही आजवर बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला कडेच्या खड्ड्यावर लावलं गेलं. तिथल्या मातीत खडे होते, गोळा करताना बोटं सोलायची. तो मुकाट्यानं तिथे थापत राहिला.

त्या संध्याकाळी त्यानं लेकीला दारात बोलावलं. तिचा अंगठा हातात घेऊन त्यावरून आपलं बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. त्याच्या बोटाला आता कोमट पाणीसुद्धा लागत नसे, रेषा कुठून लागणार? मग त्यानं तो अंगठा मावळत्या उन्हात तिरपा धरला. आणि दिसल्या. बारीक, एकीला लागून एक, वळत गेलेल्या रेषा. नव्या साच्याच्या लाकडाचे वण ओल्या विटेवर उतरतात, तशा.

"आल्या," तो म्हणाला. आणि बायकोला मोठ्यानं हाक मारली, "अगं ए, आल्या बघ!"

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी घरात लगीनघाई होती. धुतलेला पोशाख दोरीवर, हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी उशीखाली. तपासनीस कामावरून लवकर आला. हातपाय धुऊन लेकीसमोर बसला. ती पुस्तकात डोकं खुपसून शेवटची उजळणी करत होती. त्याची नजर तिच्या हातांवर गेली. हात मऊ झाले होते, पण नखांच्या कडांना, पेरांच्या घड्यांत वर्षानुवर्षांचा तांबडा रंग तसाच होता. उद्या तिथे शहरातल्या पोरी असतील, साहेबलोक असतील. त्यांनी हात बघितले की म्हणतील, ही कुठली?

भट्टीत ज्या कोपऱ्याला आच कमी लागते तिथल्या विटा पिवळट आणि ठिसूळ राहतात. त्यांचा तुकडा पाण्यात बुडवून घासला की हाताचा रंग निघतो. कुठे चारचौघांत जायचं असलं की भट्टीवरचा प्रत्येक माणूस आदल्या दिवशी असे हात घासतो. लेक लहान असताना तिचे हात हाच घासून द्यायचा. त्यानं तुकडा आणला, तांब्यात बुडवला.

"हात दे."

तिनं पुस्तकावरची नजर न काढता एक हात पुढे केला. तो घासायला लागला. हळूहळू, गोल गोल, तिला दुखू नये असं. ती सूत्रं म्हणत होती. मग तिनं तो हात मागे घेतला आणि दुसरा दिला.

"नखांजवळ घासा जरा," आई चुलीपाशी बसून म्हणाली.

त्यानं नखांजवळ घासलं. पेरं घासली. अंगठे तर त्यानं विशेष मन लावून घासले, कारण उद्या सगळे तेच बघणार होते. ओंजळीनं पाणी ओतलं तेव्हा हात असे निघाले की आईनं दिवा जवळ आणून पाहिले. तिघांनाही फार बरं वाटलं.

परीक्षा शहरातल्या एका मोठ्या शाळेत होती. फाटकाबाहेर आईबापांची गर्दी, आणि मधे दोरी बांधलेली. दोरीपलीकडे पोरांची रांग, आणि रांगेच्या टोकाला टेबल, टेबलावर तसलीच काचेची डबी. सकाळीच कुणीतरी तोतया सापडल्याची कुजबुज होती. दारावरचे साहेब एकेकाच्या तोंडाकडे आणि फोटोकडे आळीपाळीनं बघत होते. तपासनिसाला ते आवडलं. असंच बघायला हवं, तो मनाशी म्हणाला.

लेकीची पाळी आली. तिनं डावा अंगठा काचेवर ठेवला.

डबी कुरकुरली.

तिनं पुसून ठेवला. तिरपा ठेवला. मग उजवा ठेवला. साहेबांनी काहीतरी विचारलं. लेकीनं अंगठा डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि मग मान वळवून दोरीपलीकडे बापाला शोधलं. दोघांची नजर मिळाली. पिवळ्या विटेचा तो तुकडा, ते पाणी, ते गोल गोल घासणं, सगळं त्याला एका क्षणात आठवलं. ती नुसती बघत राहिली. तिच्या बघण्यात राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

साहेबांनी तिला बाजूला भिंतीशी उभं केलं. तिचा अंगठा शाईत बुडवून एका कागदावर घेतला, तो बघून मान हलवली आणि कागद स्वतःच्याच हातात ठेवला. रांग पुढे सरकत राहिली. पोरं तिच्याकडे बघत आत जात होती. तपासनीस दोरीखालून वाकून आत घुसला. शिपायानं त्याचा दंड पकडला.

"माझी लेक आहे ती! साहेब! माझीच चूक आहे, काल मीच हात घासले तिचे!"

"तुम्ही कोण?"

"बाप."

"कशावरून?" साहेब म्हणाले. "कालच नेमके बोटांचे ठसे घासलेत? आणि म्हणे चूक झाली. आज सकाळपासून अशा कितीतरी गोष्टी ऐकल्यात मी."

हा आवाज तपासनिसाला ओळखीचा वाटला. आयुष्यभर तो याच आवाजात बोलत आला होता. त्या आवाजापुढे उभं राहायला काय लागतं, ते त्याला आज पहिल्यांदा कळलं. त्यानं नुसते हात जोडले.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्याला खूण करून चौकीदाराच्या खोलीत नेलं. टेबलावर छापील मजकुराचा कागद ठेवला, बारीक अक्षरांनी भरलेला.

"हे हमीपत्र. खोटं निघालं तर जबाबदारी तुमची."

तपासनिसानं पेनकडे हात नेला.

"सही नको. सही कुणीही ठोकतं. अंगठा द्या."

तो कागदाकडे बघत राहिला. वरपासून खालपर्यंत अक्षरं. यात काय नसेल? लेक खिडकीतून दिसत होती, भिंतीशी, पिशवी छातीशी धरून. तिला हाक मारावी, दोनदा वाचून घ्यावं, इतकी वर्षं घेतलं तसं. आत घंटा झाली.

त्यानं अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवला.

साहेबांनी कागद उचलला. अंगठ्याच्या जागी नुसता काळा डाग होता. एक रेषा नव्हती. त्यांनी पुन्हा घेतला. पुन्हा तसाच डाग.

"याला अंगठा म्हणायचं?"

"आमच्या घरात असाच असतो, साहेब," तपासनीस म्हणाला. "विटा थापतो आम्ही. कोपरे अंगठ्यानं दाबतो."

साहेबांनी लेकीचा कागद त्या कागदाशेजारी ठेवला. एक मोठा काळा डाग, एक लहान. ते थोडा वेळ दोन्हींकडे बघत राहिले. मग हॉल तिकिटावरचा फोटो पुन्हा एकदा पाहिला, खिडकीबाहेर पाहिलं आणि शिपायाला म्हणाले, "सोड तिला आत. पळ म्हणावं, पेपर वाटून झाले असतील."

लेक पळत गेली. जाताना तिनं मागे वळून बघितलं नाही. बघायला वेळच नव्हता.

बाहेर झाडाखाली नळ होता. तपासनीस हात धुवायला बसला. शाई पाण्यानं जाईना. जवळच कुंपणाचा विटेचा एक तुकडा पडला होता. त्यानं सवयीनं तो उचलला, पाण्याखाली धरला, अंगठ्यावर टेकवला, आणि तिथेच त्याचा हात थांबला. त्यानं तो तुकडा कुंपणापलीकडे दूर भिरकावून दिला. मग काळा अंगठा तसाच ठेवून झाडाला टेकून बसला.

लेक बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं आणि डोळे मात्र लकाकत होते.

"कसा गेला?"

"दोन सोडले. उशीर झाला ना. बाकी सगळे आले."

"दोनच? खरं सांग."

"दोनच, बाबा."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं मान डोलावली. तिनं पिशवी त्याच्या हातात दिली, आणि तेव्हा तिला तो अंगठा दिसला. ती जागच्या जागी थांबली. त्याचा हात धरून तिनं तो उलटा केला.

"तुम्ही अंगठा दिलात?"

"दिला."

"कशावर? काय लिहिलं होतं त्या कागदावर?"

"मला काय ठाऊक," तपासनीस म्हणाला. "वाचणारीला आत जायचं होतं."